१९९१ ची लाल एमएक्स-५: आधी पॉलिश, की थेट वॅक्स?

दोनदारी

नमस्कार. मामाची १९९१ सालची लाल माझदा एमएक्स-५, कापडी छताची छोटी स्पोर्ट्स कार, आता माझ्याकडे आली आहे. मामा गेल्यावर ती चार वर्षं शेडमध्ये झाकून होती, पण त्याआधी बरीच वर्षं उघड्यावरच उभी असायची. इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स यातलं मला कळतं. ते सगळं करून झालंय आणि गाडी सुरेख पळते. रंगातलं मात्र काही कळत नाही, आणि तिथे हात घालायची भीती वाटते. चुकीचा बसवलेला नट परत काढता येतो, रंग एकदा घासून गेला की गेला.

अवस्था अशी आहे. बॉनेट आणि डिकीचं झाकण गुलाबीकडे झुकलंय. हात फिरवला की बोटांना खडूची भुकटी लागावी तसं काहीतरी लागतं. दारं बरी आहेत, पण उन्हात उभी केली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. उजवं मागचं मडगार्ड बाकीच्या गाडीपेक्षा जास्त चकचकीत आहे.

मामाच्या कपाटात 'क्लीनर वॅक्स' लिहिलेली एक बाटली होती. काल जुन्या पांढऱ्या बनियनच्या तुकड्यावर थोडं घेऊन बॉनेटच्या एका कोपऱ्यात घासलं. चार-पाच फेऱ्यांत कापड लाल झालं. मी तिथेच थांबलो, तेव्हापासून गाडीला हात लावलेला नाही.

मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं साधं यंत्र आणलं. दारांवर १०५ ते १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दाखवतंय, उजव्या मागच्या मडगार्डवर २६० च्या आसपास, आणि बॉनेटवर काहीच दाखवत नाही. बॉनेट पुट्टीने भरलेलं आहे का? असेल तर मन फार खट्टू होईल, कारण मामाने कधी ठोकल्याचं सांगितलं नव्हतं.

मला कळत नाही की आधी पॉलिश करायचं की थेट चांगलं वॅक्स लावायचं. वॅक्स कार्नोबाचं घ्यावं की सिंथेटिक? आणि कापडावर आलेला तो लाल रंग म्हणजे मी किती नुकसान केलं?

निळा_कूपे

माझं मत, वॅक्सच्या फंदात पडू नका. एकदा मशीनने नीट पॉलिश करून घ्या आणि वर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर घट्ट बसणारा कडक संरक्षक थर. माझ्या गाडीला लावून तिसरं वर्ष चालू आहे, अजून पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात. धुवायला पण सोपी. दर दोन महिन्यांनी वॅक्स कोण लावत बसणार?

रबिंगवाली

दोनदारी, आधी बॉनेटचं सांगते म्हणजे तुमच्या जिवाला बरं वाटेल. या पिढीच्या एमएक्स-५ चं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं. तुमच्या मित्राचं यंत्र चुंबकावर चालणारं, फक्त लोखंडी पत्रा ओळखणारं दिसतंय. ॲल्युमिनियमवर ते मुकंच राहणार. फ्रिजवर लावायचं साधं चुंबक बॉनेटवर ठेवून बघा, ते चिकटणार नाही. पुट्टी वगैरे काही नाही. ॲल्युमिनियमही मोजणारी यंत्रं मिळतात, तसलं मिळालं तर बॉनेट पुन्हा मोजा. बंपर प्लास्टिकचे, तिथे दोन्ही प्रकारची यंत्रं काही सांगणार नाहीत.

उजवं मागचं मडगार्ड मात्र नक्की पुन्हा रंगवलेलं आहे. कंपनीतून निघालेल्या रंगाची एकूण जाडी, प्राइमर धरून, साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या घरात असते. माणसाच्या केसाची जाडी ७० च्या आसपास धरा, म्हणजे किती पातळ थरावर आपण हात चालवतो ते कळेल. २६० म्हणजे जुन्या रंगावर नवा थर. पुट्टी असती तर आकडा याच्या कितीतरी पुढे गेला असता. एखादा ओरखडा झाकायला मामांनी ते रंगवून घेतलं असेल.

आता तो लाल कापडाचा प्रश्न, तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. तुम्ही नुकसान केलं नाहीत, नकळत एक चाचणी केलीत. हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर खाली रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. त्यावर कितीही घासा, कापडावर पांढरटच येतं. कापड गाडीच्याच रंगाचं झालं तर समजायचं की वर क्लिअर नाही, हा सिंगल स्टेज रंग आहे. रंगद्रव्य थेट वरच्या पृष्ठभागावर असतं. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन वरची राळ हळूहळू मोडतात, रंगाचे कण सुटे होतात आणि तोच तो गुलाबी खडू. लाल रंगावर हे फार लवकर आणि फार ठळक दिसतं. तुमच्या बनियनवर आला तो मेलेला रंग होता, त्याच्या खाली अजून लाल आहे.

आता त्याच कापडाची कोरी बाजू घ्या आणि उजव्या मागच्या मडगार्डवर अगदी हलक्या हाताने तेच करा. माझा अंदाज आहे की तिथे कापड लाल होणार नाही, कारण पुन्हा रंगवताना बहुतेक ठिकाणी वर क्लिअर मारतात. तसं निघालं तर तुमच्या एकाच गाडीवर दोन जातींचे रंग आहेत. प्रत्येक पत्रा आणि दोन्ही बंपर असेच वेगवेगळे तपासा आणि वहीत लिहून ठेवा.

शब्दांचा घोळही मिटवू. पॉलिश म्हणजे अपघर्षक. त्यात बारीक कण असतात, ते वरचा थर कापून सपाट करतात. रेघेच्या कडा निघून गेल्या की उजेड विखुरत नाही, म्हणून ती दिसेनाशी होते. वॅक्स काही कापत नाही, फक्त वर बसतं. जाळं तुम्हाला गोल दिसतं, पण रेघा सगळ्या दिशांना असतात. दिव्याभोवती आडव्या पडलेल्या तेवढ्या चमकतात, म्हणून गोल भासतं. त्यावर नुसतं वॅक्स लावलंत तर तेलामुळे चार दिवस रेघा बुजल्यासारख्या वाटतील, दोन धुण्यांनंतर पुन्हा तिथेच. क्लीनर वॅक्समध्ये दोन्ही असतं, थोडे कण आणि थोडं वॅक्स. म्हणून बाटलीवरच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका, मागे 'अपघर्षक आहे की नाही आणि किती' ते वाचा.

तर क्रम असा: आधी धुणं, मग चिकटलेली घाण काढणं, मग गरज असेल तिथेच पॉलिश, आणि शेवटी वॅक्स. कुठलं वॅक्स हा यातला सगळ्यात सोपा निर्णय आहे, कारण आवडलं नाही तर पुसून दुसरं लावता येतं. पॉलिशने काढलेला मायक्रॉन परत येत नाही. या गाडीला तुम्ही किती वेळा झळाळी देऊ शकता याला मर्यादा आहे, ती मामांनी थोडी वापरली असेल, उरलेली तुमच्या हातात आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. रंगाच्या कामात मला १६ वर्षं झाली. तिसऱ्या वर्षी एका लाल स्पोर्ट्स कारच्या मागच्या मडगार्डवर मी रोटरी मशीन (पॅड एकाच जागी गरगर फिरवणारं) चालवत होते, लोकरीचा पॅड, जाड कंपाउंड (भरड कणांचं, जास्त कापणारं पॉलिश). या गाड्यांची मडगार्डं कशी फुगीर असतात आणि वर एक धार येते, त्या धारेवर पॅड जेमतेम दोन सेकंद जास्त रेंगाळला. आधी वास आला, गरम प्लास्टिकसारखा. मशीन उचललं तर धारेवर अंगठ्याच्या नखाएवढा राखाडी ठिपका. तो प्राइमर होता. गाडीच्या मालकांना मी स्वतः फोन केला, पूर्ण मडगार्ड पुन्हा रंगवून दिलं, पण मूळ कंपनीचा रंग तिथून कायमचा गेला. त्या दिवसापासून टेप लावल्याशिवाय मी एकाही कडेजवळ मशीन नेलेलं नाही. कडांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब तेवढ्याशा जागेवर येतो.

तुमच्या गाडीसाठी मी काय करीन ते सांगते.

धुवून झाल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून रंगावरून बोटं फिरवा. उघड्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. खरखर असेल तर क्ले बार (चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी), भरपूर वंगण लावून, वजन न देता. सिंगल स्टेजवर क्ले गुलाबी होईल, घाबरू नका. जमिनीवर पडला तर तो तुकडा सरळ फेकून द्या.

मग बॉनेट. अशा कोरड्या पडलेल्या रंगावर पहिल्याच झटक्यात कंपाउंड चालवायचं नाही. जुनी माणसं मेग्वायर्सचं ७ नंबरचं शो कार ग्लेझ वापरतात, त्याचं कारण आहे. त्यात तेल भरपूर असतं. टर्किश टॉवेलच्या तुकड्याने ते सढळ हाताने चोळून लावायचं आणि रात्रभर तसंच सोडायचं. दुसऱ्या दिवशी पुसताना मेलेला रंग तेलासकट मऊपणे निघून येतो आणि उरलेला रंग गडद होतो. अगदी खडू झालेल्या पत्र्याला मी हे दोनदा करते. पुसताना जोर लागेल, कारण ते चिकट होतं. मग बारीक पॉलिश, मऊ फोम पॅड, ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड फिरवता फिरवता हलवतही राहणारं, म्हणून जास्त सौम्य). रोटरी नको. हातानेही होतं, वेळ लागतो एवढंच.

आणि सगळ्या गाडीवर सुरू करायच्या आधी बॉनेटवर ३० सेंटीमीटरचा चौकोन टेपने आखा. सगळ्यात सौम्य पॉलिश आणि सगळ्यात मऊ पॅडने तिथे करून बघा. मनासारखं झालं तर संपलं, त्याहून कडक काही उघडायचंच नाही. नाही झालं तर एकच पायरी वर जा.

निळा_कूपे यांच्या सिरॅमिकबद्दल: क्लिअर कोटच्या गाडीला ते उत्तम. सिंगल स्टेजवर मी टाळते. एक तर बसायला पृष्ठभाग पूर्ण तेलमुक्त लागतो, आणि आपण इथे तेलच मुरवतोय. दुसरं म्हणजे ते काढायचं झालं तर पॉलिशनेच काढावं लागतं. म्हणजे पुन्हा रंग खर्च.

निळा_कूपे

रबिंगवाली ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माझी गाडी क्लिअरवाली, २०१९ ची. मी माझ्या गाडीवरून बोललो. दोनदारी, माझा सल्ला तुमच्या बॉनेटसाठी बाजूला ठेवा.

पावसातला_प्रवासी

वॅक्सबद्दल मी दोन गोष्टी सांगू शकतो, कारण दोन्ही प्रकार बरीच वर्षं वापरलेत.

कार्नोबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं, नैसर्गिक मेणांमध्ये फार कठीण. शुद्ध कार्नोबा चोळताच येत नाही, दगडासारखं असतं, म्हणून डबीत तेल, द्रावक, कधी मधमाशीचं मेण मिसळलेलं असतं. त्यामुळे '१०० टक्के शुद्ध कार्नोबा' वाचून भुलू नका. लाल, काळ्या रंगावर ते जी ओलसर खोली आणतं ती मला दुसऱ्या कशात मिळाली नाही. पण उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर सहा-आठ आठवड्यांत विरतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी कृत्रिम पदार्थाचा संरक्षक थर, चार-सहा महिने टिकतो, दिसायला जरा काचेसारखा, थंड.

दोघांच्या मधलं काही हवं असेल तर कॉलिनाइट ८४५ बघा. कार्नोबा आणि सिंथेटिक एकत्र, पातळ आहे, टिकतं छान. थंडीत बाटलीत घट्ट होतं, कोमट पाण्यात बाटली ठेवून जोरात हलवायची. लावताना इतकं पातळ लावायचं की लावलंय का अशी शंका यावी. जाड लावलं तर पुसताना दंडाचे हाल होतात आणि फायदा शून्य.

आणखी एक, सीलंटवर लगेच वॅक्स चढवू नका. बहुतेक सीलंटना बसायला १२ ते २४ तास कोरडं राहावं लागतं. मी घाईत त्याच संध्याकाळी वर वॅक्स लावलं होतं, महिन्याभरात पाणी पसरायला लागलं. सगळं उतरवून पुन्हा करावं लागलं.

दोनदारी

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितोय कारण खरंच सगळं सांगितल्याप्रमाणे करत होतो.

चुंबक बॉनेटवरून सटकन घसरलं! मग दोन्ही धातू मोजणारं यंत्र मिळवलं. बॉनेटवर ८८ ते ९६, म्हणजे दारांपेक्षा पातळ. उजव्या मागच्या मडगार्डवर कापड पांढरंच राहिलं, आणि पुढच्या बंपरवरही. म्हणजे दोन्हीवर क्लिअर. मामीला विचारलं तेव्हा कळलं की गाडी आवारात मागे घेताना तिच्याकडूनच भिंतीला घासली होती. मडगार्ड आणि बंपर रंगवून आणले आणि मामाने त्यानंतर तो विषय कधी काढला नाही.

बॉनेटवर ग्लेझ दोन रात्री मुरवलं. पहिल्या सकाळी टॉवेल अक्षरशः रक्तासारखा, दुसऱ्या सकाळी फिकट गुलाबी. मग ३० सेंटीमीटरचा चौकोन, मऊ काळा फोम, बारीक पॉलिश, मशीन ६ पैकी ३ वर. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी येईल अशी, सावकाश, आडवे दोन हात आणि उभे दोन. टेप काढली आणि काही क्षण बोलताच येईना. टेपच्या अलीकडे गुलाबी खडू आणि पलीकडे असा लाल की त्यात झाडाच्या फांद्या मोजता येत होत्या. मामी बाहेर आली, ओल्या हाताने त्या चौकोनाला हात लावला आणि म्हणाली, घेतली तेव्हा अशीच होती.

चौकोनानंतर पुन्हा मोजलं. ९३ होतं, ९१ ते ९२ दाखवतंय. यंत्राची चूक एवढीच असू शकते हे मला माहीत आहे, पण आकडा वर गेला नाही हे खरं.

अजून उरलंय ते असं. दारांवरची जाळी मऊ फोमने साठ-सत्तर टक्के गेली, थोड्या खोल रेघा राहिल्या. कडक पॅड लावू का? मडगार्डला तेच पॉलिश चालेल? आणि वॅक्स लावताना कापडी छताचं काय करायचं?

रबिंगवाली

फार छान केलंत. मामींना माझा नमस्कार सांगा.

दारांचं: थांबा. साठ-सत्तर टक्के पुष्कळ झालं. ज्या रेघेत नख अडकतं ती पॉलिशने काढायचीच नसते, कारण तिच्या तळापर्यंत जायचं म्हणजे आजूबाजूचा सगळा पत्रा तेवढा खाली आणायचा. नख अडकत नसलं तरी तिरप्या उन्हातच दिसणाऱ्या रेघेसाठी या वयाच्या रंगातून दोन-तीन मायक्रॉन देणं मला पटत नाही. बॉनेट ८८ वर आहे, तिथे तर यापुढे मशीन अजिबात नको. वर्षातून एकदा हाताने ग्लेझ आणि वर वॅक्स, बस.

मडगार्डला तेच पॉलिश चालेल, पण पॅड वेगळा घ्या. दारावर वापरलेल्या पॅडमध्ये लाल रंग मुरलेला असतो. क्लिअरवर त्या रंगाने काही होत नाही, पण वाळलेल्या रंगाचे गोळे पॅडमध्ये राहिले तर नव्या रेघा पडतात. तसाही मशीन चालवताना दर चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करायचा. मडगार्डवर रंग जाड आहे म्हणून हात सैल सोडू नका. २६० मधला क्लिअर किती आणि जुना रंग किती, हे यंत्र सांगत नाही. साधारण क्लिअर ४०-५० मायक्रॉनचाच असतो असं धरून चाला.

छत: वॅक्स आणि पॉलिशचे शिंतोडे कापडात वाळले की पांढरे डाग पडतात आणि ते काढणं फार जिकिरीचं. छत वर चढवून त्यावर मोठं प्लास्टिक टाका, कडेला मास्किंग टेप. काळ्या रबराच्या पट्ट्या, आरशांच्या बुडाची काळी जागा, सगळीकडे टेप. मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर तिच्यावर हे पॉलिश किंवा वॅक्स नको.

वॅक्ससाठी, गाडी आता शेडमध्ये राहणार आणि सुट्टीच्या दिवशी निघणार असेल तर मऊ पेस्टचं कार्नोबा घ्या, अपघर्षक नसलेलं. दोन्ही जातींच्या रंगाला तेच चालतं. उघड्यावर राहणार असेल तर पावसातला_प्रवासी म्हणतात ते ८४५. सावलीत, पत्रा हाताला थंड लागत असताना, एका वेळी एक पत्रा. ओल्या स्पंजवर चाटण घेतल्यासारखं थोडंसं घ्या. धुरकट झाल्यावर बोटाने एक रेघ ओढा: पुसून स्वच्छ चकाकली तर तयार, ओघळली तर आणखी पाच मिनिटं थांबा. पुसायला दोन कोरी मायक्रोफायबर फडकी, एक काढायला, एक शेवटचा हात फिरवायला. दुसरा थर दुसऱ्या दिवशी द्या, तो जाडीसाठी नसतो, पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरायला असतो. सिंगल स्टेजवर शेवटच्या फडक्यालाही किंचित गुलाबी लागेल. ते चालतं, मात्र दर वेळी लाल यायला लागलं तर बाटलीत अपघर्षक आहे असं समजून ती बदला.

पत्रावार जाडीचे आकडे तारखेसह त्याच वहीत लिहा. आणि डिकीचं झाकण करायला घ्याल तेव्हा मागच्या कडेवर आणि ब्रेकच्या दिव्याभोवती टेप दुहेरी लावा. तिथे पॅड आधी टेकतो आणि आपल्याला उशिरा कळतं.